जुडगा काही उघडेना

जावयाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं त्याच्या विमा कंपनीच्या ऑफिसात एकमताने ठरलं होतं. कारण एवढंच की एकदा साहेबांच्या देखत त्याने प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढला होता. पुढे पुढे त्याचा स्वतःचाही यावर विश्वास बसला. सासूबाईंचा जुना कॉम्प्युटर गोगलगायीला लाजवू लागला तेव्हा त्याने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स नावाची फुकटची प्रणाली चढवली, आणि नवल म्हणजे ती चाललीही. सासूबाईंनी शेजारीपाजारी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. तिथेच घात झाला.

एका रविवारी जेवणं आटोपल्यावर तो सहज त्यांच्या खोलीत डोकावला. सासूबाईंची सगळी नोकरी टायपिस्टची. त्यांनी पासवर्ड टाकला तो कीबोर्डकडे न बघता, डोळ्याचं पातं लवायच्या आत. इतका छोटा पासवर्ड म्हणजे चोराला आवतणच, असं जावयाचं मत पडलं. सासूबाई म्हणाल्या, आज राहू द्या, चार वाजता ह्याच कॉम्प्युटरवर माझा बुद्धिबळाचा अंतिम सामना आहे. समोर एक निवृत्त जजबाई होत्या. गेल्या वर्षी त्यांनी सासूबाईंना हरवलं होतं आणि वर निरोप धाडला होता, 'या वयात खेळता हेच कौतुक.' तो निरोप सासूबाईंच्या घशात वर्षभर काट्यासारखा रुतून बसला होता.

"दोन मिनिटांचं काम आहे, आई," जावई म्हणाला.

काम खरोखरच दोन मिनिटांत झालं. त्याने त्याच कॉम्प्युटरवरच्या आपल्या खात्यातून शिरून सासूबाईंच्या खात्याला चांगला लांबलचक पासवर्ड लावला आणि तो त्यांच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला. तो टाकून त्या आपल्या खात्यात शिरल्या, आणि पडद्यावर एक चौकट उगवली. त्यांनी चष्मा सावरून ती वाचली.

"जावईबापू, हा म्हणतोय की नवा पासवर्ड आणि किल्ल्यांचा जुडगा यांचं आता जमत नाही."

जावयाने समजावून सांगितलं. मेलचा, बुद्धिबळाचा, वायफायचा असे सगळे पासवर्ड कॉम्प्युटर एका जुडग्यात ठेवतो आणि त्या जुडग्यालाही कुलूप असतं. आजवर दाराला आणि जुडग्याला एकच पासवर्ड चालायचा. आता दाराचा बदलला, जुडग्याचा जुनाच राहिला. तेव्हा जुना पासवर्ड एकदा टाकायचा, की मिटलं.

पण जुना पासवर्ड सासूबाईंना सांगता येईना. तो त्यांच्या बोटांना ठाऊक होता, त्यांना नव्हता. बोटं रोज आपापली जायची आणि काम करून यायची. आता जावई खांद्याशी उभा राहून "सावकाश टाका, एकेक अक्षर आठवून टाका" म्हणू लागला आणि बोटं बिचकली. जिना उतरताना पायरीचा विचार केला की पाय अडखळतो, तसं झालं. चौकट दर वेळी नकार देत होती आणि पुन्हा तोंड वर काढत होती.

शेवटी जावयाचा धीर सुटला. त्याने जुडगाच पुसून टाकला. नवा आपोआप तयार होतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. ते खरंही निघालं. नवा कोरा जुडगा तयार झाला आणि त्यात एकही किल्ली नव्हती.

पहिल्यांदा वायफाय गेलं. त्याचा पासवर्ड राउटरच्या तळाशी चिकटवलेला, आणि राउटर कपाटामागे. जावई पोटावर आडवा होऊन, टॉर्च दातात धरून कपाटाखाली शिरला. तेवढ्यात बायको दारात आली. तिला नवऱ्याचे फक्त पाय दिसले.

"हे काय चाललंय?" तिने आईला विचारलं.

"पासवर्ड मजबूत करताहेत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

त्या शांतपणाने जावयाला कपाटाखालीही घाम फुटला. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

केसांत जळमटं घेऊन तो बाहेर आला तोवर चार वाजत आले होते. वायफाय लागलं. बुद्धिबळाचं दालन पासवर्ड मागू लागलं. तो विसरलोय म्हटल्यावर म्हणालं, मेल बघा. मेल उघडावी तर तिला पासवर्ड हवा. तो विसरलोय म्हटल्यावर तिने सवाल टाकला, 'तुमचा सर्वांत भरवशाचा माणूस कोण?'

जावयाचा चेहरा उजळला. ही मेल त्यानेच तर सुरू करून दिली होती. त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि बिनदिक्कत स्वतःचं नाव घातलं. चूक. मग आडनावासकट घातलं. तेही चूक. आता एकच संधी उरली होती, ती हुकली की दिवसभर कुलूप. त्याने बायकोकडे बघून तिच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं.

"मी घालू का?" सासूबाई म्हणाल्या. "ते उत्तर मीच लिहिलं होतं."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

त्यांनी दोघांनाही पाठ करून उभं केलं. मागे टकटक टकटक झालं आणि मेल उघडली.

पट पडद्यावर आला तेव्हा पटावरच्या घड्याळातला सासूबाईंचा निम्मा वेळ संपला होता. जावई खिडकीशी उभा राहून नखं खाऊ लागला. त्याला पट बघवेना आणि खोलीतून जाववेना. बऱ्याच वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जजबाईंनी डाव सोडला होता.

"विचार करायला वेळच नव्हता," सासूबाई पाणी पिता पिता म्हणाल्या, "म्हणून जिंकले असेन."

हे जावयाने आभार म्हणून घेतलं. त्याला पुष्कळच हुशारी वाटली आणि त्याने मघापासून टोचणारी गोष्ट विचारून टाकली. तो भरवशाचा माणूस कोण?

"'कोणीच नाही' असं लिहिलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मेल सुरू केली त्याच दिवशी तुम्ही ह्यावर ते लिनक्स चढवलंत ना. मनात थोडी धाकधूक होती."

जावई कसनुसा हसला. पण ती गोष्ट जुनी झाली, आणि आता तर उत्तर सगळ्यांना कळलं, तेव्हा ते बदलायला हवं, असं त्याने सुचवलं.

"बदललं की मघाशीच," सासूबाई मेलमधली ती जागा उघडत म्हणाल्या.

जावई आशेने पुढे सरकला. आईच्या खांद्यावरून पडद्यावर डोकावलेल्या बायकोने तोंडाला पदर लावला.

"तेच ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या. "फक्त शेवटी एक उद्गारचिन्ह घातलंय. त्याने मजबूत होतं म्हणतात."