गरुडाचं डोकं

नशवाला नववा महिना लागला आणि दमनहूरच्या पाटबंधारे कचेरीत पंपांचे परवाने मागे पडले. जो तो नशवाच्या रजेवरच बोलायला लागला.

रजा मोजून चार महिन्यांची. ती कधी सुरू करायची ते बाईने ठरवायचं. आता यात ठरवण्यासारखं एवढं काय आहे, असं ज्याला वाटेल त्याने नऊ वर्षं पाळणा हलायची वाट पाहिलेली नसणार. नशवाने पाहिली होती. बाळ यायच्या आधी घेतलेला एकेक दिवस म्हणजे बाळाच्या वाट्यातून चोरलेला दिवस, असं तिचं सरळ म्हणणं होतं. पोटावर हात ठेवून छताकडे बघत बसण्यात एक दुपारसुद्धा घालवायची तिची तयारी नव्हती. ज्या दिवशी बाळ, त्याच दिवशी रजा.

"म्हणजे कचेरीतच बाळंत होणार तू," सासूबाई तहिया म्हणाल्या.

"नाही हो आई. आदल्या दिवसापर्यंत जाणार."

"आणि आदला दिवस कोणता, ते बाळ पत्र टाकून कळवणार वाटतं?"

नशवाचा नवरा सबरी शाळेत भूगोल शिकवायचा. दोन बायकांच्या मधल्या प्रदेशात पाय टाकायचा नाही, एवढा भूगोल त्याला पक्का येत होता. तो पेपर वाचत बसला.

पण खरी अडचण घरात नव्हती, नशवाच्या गळ्यात होती. तिथे दोरीला एक किल्ली लटकायची. किल्ली पत्र्याच्या डब्याची आणि डब्यात गरुडाचा शिक्का. साहेबाने दहा सह्या केल्या तरी कागदावर गोलातला गरुड उमटल्याशिवाय तो कागद वडे बांधायच्याच लायकीचा. नशवा सात वर्षं हा गरुड सांभाळत होती आणि सात वर्षांत तिच्या हातून एकही गरुड फिसकटला नव्हता. दुसऱ्या कचेरीचा फिसकटलेला गरुड घेऊन कुणी खिडकीशी आलं, तर ती कागद उजेडात धरायची आणि म्हणायची, "डोकं दिसत नाही गरुडाचं. दुसरा कागद आणा."

हाजी मितवल्लींनी हे वाक्य तीनदा ऐकलं होतं. त्यांच्या गावच्या कचेरीचा शिक्का झिजलेला. त्यातल्या गरुडाला डोकंच उरलं नव्हतं, आणि म्हणून हाजींच्या शेताला पंप नव्हता.

"अहो मॅडम, खाली पाय दिसतायत की त्याचे," हाजी काकुळतीला यायचे.

"पाय कोंबडीलाही असतात, हाजी."

तर हा शिक्का रजेच्या काळात कुणाकडे द्यायचा? कुणीच घ्यायला तयार नव्हतं. शिक्का हरवला तर तुरुंग, अशी कचेरीत पक्की समजूत होती. मोठे साहेब उस्ताद रिफअत (कचेरीतल्या माणसाला इथे उस्तादच म्हणतात) यांनी विचारायला सुरुवात केली आणि एकाची कंबर धरली, एकाला मोतीबिंदू झाला. राहिले उस्ताद झकी. रस्ता ओलांडायचा असला की हे आधी दुसऱ्या कुणालातरी ओलांडू द्यायचे. पण त्यांना वेळेवर आजार सुचला नाही.

त्यात कचेरीचा एक नियम होता. शिक्का सांभाळणाऱ्याने स्वतःच्या कागदावर शिक्का मारायचा नाही. म्हणजे नशवाच्या रजेवर झकींनीच गरुड उमटवायचा, आणि ज्या दिवशी उमटेल त्या दिवसापासून रजा मोजायची.

"मग आजच घेऊन टाका शिक्का," साहेब म्हणाले.

"आज नको," झकी म्हणाले.

"आज मुळीच नको," नशवा म्हणाली. दोघांचं इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग शम्म-अल-नसीमचा सोमवार आला. या सणाला घरोघर खारवलेला फसीख मासा आणि पातीचे कांदे असतात, आणि दोन गल्ल्या पलीकडून सुद्धा कुणाकडे काय मुरलंय ते कळतं. सासूबाईंनी फसीखचं ताट नशवासमोरून उचललं. "तू अंडी खा," त्यांनी बजावलं. नशवाने अंडी खाल्ली. मग सगळे कालव्याकाठी फिरायला गेले आणि घरात ती आणि फसीख असे दोघंच उरले.

मंगळवारी साडेदहाला हाजी मितवल्ली चौथ्यांदा खिडकीशी आले. नशवाने त्यांचा कागद उजेडात धरला, तोंड उघडलं, आणि "डोकं" एवढंच म्हणून ती खुर्चीत दुमडली.

कचेरीत एकच पळापळ झाली. कळा म्हणजे बाळ, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. हाजींचा टेम्पो बाहेर उभा होता, त्यात सणाचे न खपलेले पातीचे कांदे.

"बसवा त्यांना पुढे," हाजी म्हणाले.

"आणि शिक्का?" साहेब ओरडले. "गळ्यात किल्ली घेऊन चालल्या त्या. डबा घ्या. शाईची गादी घ्या. झकी, तुम्ही मागे बसा."

"मला कांद्याने डोळ्यांत पाणी येतं, साहेब."

"येऊ द्या. प्रसंगाला शोभेल."

अशी दमनहूरच्या रस्त्यांवरून वरात निघाली. पुढे हाजी आणि नशवा, मागे कांद्यांत रुतलेले साहेब, डबा छातीशी धरलेले झकी.

डॉक्टरीणबाईंनी नशवाला आत घ्यायच्या आधी साहेबांनी गळ्यातली किल्ली मागून घेतली. दवाखान्याच्या बाकावर शिक्क्याची देवघेव सुरू झाली. साहेब देणार, झकी घेणार, साक्षीदार म्हणून हाजी. रजेचा अर्ज साहेबांच्या खिशात तयारच होता.

"मारा," साहेब म्हणाले.

झकींनी डोळे मिटले. हात असा थरथरत होता की शिक्का कागदावर पडायच्या आधी दोनदा हवेतच पडला. मग एकदाचा ठप्प आवाज झाला.

"मुबारक," साहेब म्हणाले. "रजा सुरू."

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मागोमाग पांढरीफटक नशवा, आपल्या पायांनी चालत.

"यांनी काल काय खाल्लं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

निरोप मिळून धापा टाकत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अंडी."

नशवा फरशीकडे बघत राहिली.

"अंड्यांना असा वास येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फसीख आहे तो. बाळ मजेत आहे, दोन आठवडे तरी हलत नाही. घरी न्या."

सासूबाईंनी वाकून नशवाचं तोंड हुंगलं. नशवाला त्यांच्या आजवरच्या सगळ्या बोलण्यांपेक्षा ते जास्त लागलं. मग तिची नजर बाकावरच्या अर्जावर गेली.

"शिक्का मारलात?"

"आत्ताच," झकी पुटपुटले.

"दोन आठवडे," नशवा म्हणाली आणि बाकावर बसली. "चौदा दिवस माझ्या बाळाचे. एका माशापायी." तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी कांद्याचा संबंध नव्हता. "साहेब, रद्द करा ना."

"शिक्का एकदा पडला की पडला, बाई," साहेब खरंच हळहळले. "हे तुम्हीच सात वर्षं लोकांना सांगत आलात. हाजी, सही करा इथे."

हाजी मितवल्लींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला. अर्ज हातात घेतला. उठून खिडकीपाशी गेले, कागद उजेडात धरला, आडवा केला, उभा केला. मग अगदी शांतपणे म्हणाले,

"मॅडम, डोकं दिसत नाही गरुडाचं. दुसरा कागद आणा."

साहेबांनी कागद ओढून घेतला. झकींच्या थरथरीने गरुडाच्या मानेवर निळं डबकं झालं होतं.

"पाय दिसतायत," झकी ओशाळून म्हणाले.

"पाय कोंबडीलाही असतात," हाजी म्हणाले.

नशवा आधी हसली की रडली ते कळलं नाही, पण पोट धरून जे काय केलं ते डॉक्टरीणबाईंनी येऊन थांबवलं. झकींनी किल्ली अशी चपळाईने तिच्या गळ्यात घातली की सबरीने लग्नात हारसुद्धा तसा घातला नव्हता. मग नशवाने हाजींचा चुरगळलेला कागद मागितला. बराच वेळ पाहिला.

"हाजी, आज उजेड चांगला आहे," ती म्हणाली. "मला दिसतंय डोकं."

आणि तिने शेजारी आपला गरुड उमटवला, चोचीसकट.

पुढचे दोन आठवडे नशवा रोज कचेरीत गेली. सासूबाई खिडकीशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि तिच्या डब्यातला घास न घास हुंगून द्यायच्या. झकी घरी अर्धा बटाटा शाईत बुडवून वर्तमानपत्रावर सराव करत होते. त्यांच्या बायकोने त्या दिवसांत सगळी भाजी निळी झाल्याची तक्रार केली.

पंधराव्या दिवशी, सकाळी अकराला, खऱ्या कळा आल्या. या वेळी नशवाने स्वतःच किल्ली काढून झकींच्या हातात दिली, नोंदवहीत दोघांच्या सह्या झाल्या, आणि मगच ती हाजींनी दाराशी आणून ठेवलेल्या टेम्पोत चढली. झकी बाळंतिणीच्या खोलीबाहेर गुडघ्यावर नवा अर्ज, उजव्या हातात शिक्का धरून बसले. मधेच दोनदा त्यांना आतून ताकीद मिळाली, "अजून नाही, उस्ताद झकी. खबरदार."

मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "डोकं दिसतंय."

"उस्ताद झकी," आतून नशवाने दम लागलेल्या आवाजात सांगितलं, "मारा."

मुलगी झाली. गरुड असा स्वच्छ उमटला होता की पिसं मोजावीत. ठप्प आधी झालं की ट्यँहँ, यावर कचेरीत आजही दोन तट आहेत. नशवाला विचाराल तर ठप्पच आधी, चांगलं मिनिटभर. पण तेवढं एक मिनिट, ती म्हणते, झकींना माफ केलं.