गवताच्या सशाचा गुन्हा

एका जंगलात एकच पाणवठा होता, आणि पोरांनो, तिथं पाणी प्यायला येणाऱ्यांपेक्षा पाण्याची राखण करणारेच जास्त होते.

राखणदार म्हणजे कोळसुंदे. कोळसुंदा म्हणजे तांबडा रानकुत्रा. शेपटी झुपकेदार, दात पांढरे, आणि चालण्यात असा तोरा की वाटावं, हे पाणी यानंच खणून काढलंय. फार पूर्वी त्या पाणवठ्यावर एक बिबट्या यायचा. तान्ही पिल्लं उचलायचा. तेव्हा सगळ्या जनावरांनी वाघोबाकडं जाऊन हे राखणदार मागून घेतले होते. पुढं बिबट्या म्हातारा झाला आणि मेला. राखणदार राहिले. बिबट्या मेला हे सांगायला एकजण गेला होता त्यांच्याकडं. त्यांनी त्याला आधी "तू कुठला?" असं विचारलं. तो न सांगताच परत आला.

त्या जंगलात गोदी नावाची सशीण राहायची. तिला एकच पिल्लू, टिप्या. टिप्याचे कान लांब, सरळ, गुलाबी. बघणारा म्हणायचा, काय कान आहेत पोराचे! पण त्या कानांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. हसू नका. मोठमोठ्या कानांची पुष्कळ मंडळी कुणाचं काही ऐकत नाहीत. त्यांना कुणी बहिरं म्हणत नाही, साहेब म्हणतात.

एकदा टिप्या पाणी प्यायला गेला. मागून झपाट नावाच्या कोळसुंद्यानं हाळी दिली, "ए, थांब!"

टिप्या थांबला नाही.

"थांबतोस का नाही?"

टिप्या आपला चालतोय. मग झपाटनं मागून येऊन त्याची तंगडी धरली.

तंगडी वाकडी झाली. जखम सुकली, पण भीती काही गेली नाही. टिप्या झुडपाबाहेर पाय टाकीना. गोदी पाणवठ्यावरून ओलं शेवाळ तोंडात धरून आणायची आणि टिप्या ते चोखायचा. तेवढ्यावर त्याचं चाललं होतं. पण उन्हाळा जवळ आला होता. उन्हाळ्यात शेवाळ वाळतं. पिल्लाला वाळायला तर त्याहूनही कमी वेळ लागतो.

गोदी उठली आणि थेट फौजदाराकडं गेली. फौजदार दंताजी म्हणजे सगळ्या कोळसुंद्यांचा मोठा. तो जांभळीच्या सावलीत पसरला होता आणि हाताखालचा एक शिपाई त्याच्या शेपटीतली कुसळं काढत होता.

"काय गं ए?"

"तुमच्या झपाटनं माझ्या पोराचा पाय मोडला."

"थांब म्हटल्यावर थांबला नसंल."

"त्याला ऐकू येत नाही."

"मग तसं सांगायचं नाही का त्यानं?"

"कधी सांगणार? मागून येऊन धरलं त्याला."

दंताजीनं जांभई दिली. जांभईत त्याचे सगळे दात दिसायचे. समोरच्याला समज द्यायची त्याची ती पद्धत होती.

"बरं, मग आता तुझं म्हणणं काय? झपाटला फासावर देऊ?"

"नको. राखण करा, अडवा, झडती घ्या. फक्त समोरून या. थांब म्हणायचंय ते तोंडासमोर येऊन म्हणा. माझ्या पोराला कान नसतील, डोळे आहेत. उन्हाळा तोंडावर आलाय, त्याला पाण्यावर यायचंय."

"समोरून?" दंताजी उठून बसला. "अगं, समोरून गेलं आणि त्यानं हल्ला केला म्हणजे?"

"सशानं?"

"ससा असो नाहीतर कुणी असो. आमच्या शिपायांनाही बायकापोरं आहेत."

गोदी तिथं रडली नाही. ती जंगलभर फिरली आणि जो भेटेल त्याला सांगत सुटली. ऐकता ऐकता प्रत्येकजण आपापली खूण दाखवायला लागला. चितळाचा कान फाटलेला. भेकराच्या खांद्यावर दातांचे वण. रानडुकराला शेपूटच नव्हती आणि ती जन्मापासून नाही असं तो इतकी वर्षं लाजेखातर सांगत आला होता. सगळे मिळून वाघोबाच्या गुहेसमोर जाऊन ओरडले.

वाघोबाला न्यायाची आवड होती, झोपेची त्याहून जास्त. तो बाहेर येऊन म्हणाला, "एक समिती नेमा. जनतेतलीच. राखणदारांवर ती देखरेख करील. आणि आता जा."

केवढा आनंद झाला! सगळ्यांनी पहिलं नाव गोदीचं घेतलं.

तेवढ्यात दंताजी पुढं आला. मान खाली, आवाज मऊ. "महाराज, समिती हवीच. आम्हीच मागणार होतो. फक्त ती निष्पक्ष असावी. ज्याला चावलंय त्याच्या मनात राग असणार. तो काय न्याय करणार?"

"खरं आहे," वाघोबा डोळे मिटत म्हणाला.

म्हणून ज्याला ज्याला चावलं होतं तो बाद झाला. त्याचे सोयरेधायरेही बाद झाले. मग उरलं कोण? कासवअण्णा, कारण त्यांच्या पाठीवर दातच चालत नाहीत. बगळेगुरुजी, कारण ते उडून जातात. आणि साळिंदराची साळूबाई, कारण तिला तोंड लावायची कुणाची छाती नाही. समितीवर हे तिघं बसले. अध्यक्ष कासवअण्णा.

गोदी म्हणाली, "ज्यांना कुणी चावूच शकत नाही, त्यांना चावणं काय कळणार?"

"गोदाक्का, भावनेच्या भरात बोलू नका," कवचातून आवाज आला.

"अण्णा, आधी मान बाहेर काढा आणि मग बोला."

अण्णांनी मान काढली नाही. अध्यक्षांना ते शोभलंही नसतं.

दुसऱ्याच दिवशी दंताजीनं समितीला माळावर बोलावलं. "देखरेख करायची तर आमचं काम समजून घ्यायला हवं. आम्ही शिकवतो." तिघांच्या गळ्यात पळसाच्या फुलांच्या माळा घातल्या. तिघं खूश झाले. आजवर त्यांना माळ कुणी घातली नव्हती आणि शिकवलं तर मुळीच नव्हतं. बाकीची जनावरं लांब कडेला उभी राहिली. गोदीही होती.

माळावर गवताचा एक ससा उभा केला होता. त्याला वेल बांधली होती, आणि झुडपाआडून एक शिपाई ती वेल ओढत होता. ससा डुलत डुलत चालला.

"समजा, तुम्ही राखणदार," दंताजी म्हणाला. "हा चाललाय. गुरुजी, अडवा."

बगळेगुरुजी एका पायावर उभे राहून म्हणाले, "थांब."

ससा चालतच राहिला.

"थांबत नाहीये गुरुजी! लवकर! त्याच्या पंजात काटा असला तर? तुमच्या पिल्लांकडं निघाला असला तर?"

गुरुजी घाबरले. त्यांनी चोच मारून सशाचा डोळा काढला.

साळूबाईची पाळी आली. ती "थांब" म्हणाली, सशानं ऐकलं नाही, दंताजी कानाशी ओरडला, तशी ती काटे फुलवून पाठमोरी त्याच्या अंगावर गेली. गवत उडालं. शेवटी कासवअण्णा. अण्णा "थांब" म्हणून पोचेपर्यंत उरलेला ससा लांब गेला होता. पण आलोच आहोत तर काहीतरी केलं पाहिजे म्हणून अण्णांनी जवळची पहिली तंगडी धरली. ती साळूबाईची होती.

"गडबडीत असं होतं," दंताजी समजुतीनं म्हणाला. "आता कळलं ना?"

अण्णांचे डोळे भरून आले. "फार अवघड काम आहे हो तुमचं."

तेव्हा कडेवरून गोदी ओरडली, "अहो, त्याला ऐकू येत नाही!"

सगळे वळले. "कुणाला?"

"त्या सशाला."

गुरुजी हसले. "गोदाक्का, तो गवताचा आहे."

"मी तेच सांगतेय. त्याला ऐकू येत नाही म्हणून तो थांबला नाही. त्यात त्याचा गुन्हा काय?"

साळूबाई विस्कटलेल्या गवताकडं बघत राहिली. मग लंगडत पुढं आली आणि म्हणाली, "गोदाक्का म्हणते ते बरोबर आहे. त्यानं काहीच केलं नव्हतं. मीच घाबरले."

"गुन्हा नव्हता, तर तो फाटला कसा?" दंताजीनं विचारलं.

हे गुरुजींना पटलं. अण्णांनाही पटलं.

"आणि साळूबाई," दंताजी नरमाईनं म्हणाला, "तुमचा पाय सुजलाय. कुणीतरी चावलंय तुम्हाला. तुम्ही आता निष्पक्ष राहिला नाहीत."

नियम तो नियम. साळूबाईच्या गळ्यातली माळ काढून घेतली. चावणारे अण्णा अध्यक्ष राहिले, कारण त्यांना कुणी चावलेलं नव्हतं.

समितीनं पुष्कळ विचार केला. विचारांती असं ठरलं की चावण्यात दोष नाही, बोलण्यात आहे. 'ए, थांब' हे राखणदाराला शोभत नाही. राखणदारांना सभ्यतेचं शिक्षण द्यावं. समोरून येण्याचं काय, असं गोदीनं विचारलं. त्यावर पुढं सवडीनं विचार होईल, असं अण्णा कवचातून म्हणाले.

शिकवायला एक मैना आणली. ती एका मोठ्या अधिकाऱ्याच्या व्हरांड्यात पिंजऱ्यात राहून आली होती, त्यामुळं तिला सगळे गोड शब्द येत. जांभळीखाली वर्ग भरला. आधी नमस्कार म्हणायचं. मग कृपया थांबावे. ऐकलं नाही तर पुन्हा तेच म्हणायचं. मग चावायचं. आणि चावून झाल्यावर "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत" म्हणून निघायचं, रेंगाळायचं नाही. कोळसुंद्यांच्या जिभा लांब. 'सहकार्य' म्हणताना लाळ गळायची. पण झपाटनं मन लावून पाठ केलं. वर्गात तो पहिला आला. त्याला साळूबाईची माळ दिली.

उन्हाळा आला. शेवाळाचा चुरा झाला. गोदी कोरड्या तोंडानं परत यायची आणि टिप्या तिच्या ओठांना नाक लावून ओल शोधायचा. त्याची जीभ पांढरी पडली. एका दुपारी गोदीनं त्याला ढुशी देऊन झुडपाबाहेर काढलं.

टिप्या पुढं, गोदी मागं. टिप्या पाण्याकडं तोंड करून लंगडत चालला होता. गोदी त्याच्या पाठीला पाठ लावून उलटी चालत होती, म्हणजे मागून जो येईल तो तिला समोर दिसावा. दगड लागत होते, काटे रुतत होते. तिनं पाठ हलू दिली नाही.

पाणवठा आला. टिप्यानं तोंड खाली घातलं. आणि झपाट आला.

"नमस्कार, ताईसाहेब. मागचे गृहस्थ कृपया थांबतील का?"

"तो थांबलेलाच आहे. पाणी पितोय. पिऊ दे."

"श्रीमान, कृपया थांबावे."

"अरे मेल्या, त्याला ऐकू येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? काय विचारायचंय ते मला विचार. मी समोर आहे."

झपाट घुटमळला. समोर उभं राहून बोलणाऱ्याचं काय करायचं हे मैनेनं शिकवलं नव्हतं. त्यानं शिकवलेलंच पुन्हा म्हटलं, "कृपया थांबावे."

"मी कुठं पळतेय?"

म्हणण्याचं काम संपलं होतं. पुढचं काम राहिलं होतं. झपाटनं गोदीचा पुढचा पाय धरला. हाड मोडल्याचा आवाज झाला. गोदी जागची हलली नाही, कारण ती हलली असती तर टिप्या वळला असता.

"आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत," झपाट म्हणाला, आणि रेंगाळला नाही.

टिप्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. डोळे मिटून तो पीत होता. पोट टम्म होईपर्यंत प्यायला. वळून बघतो तर आई मोडका पाय पोटाखाली घेऊन बसलेली. त्यानं ओल्या तोंडानं तिचं तोंड चाटलं.

"झालं पोटभर?" तिनं विचारलं.

टिप्या तिच्या ओठांकडं बघत राहिला.

समितीला ही बातमी कळली तेव्हा अण्णांनी कधी नव्हे ती मान बाहेर काढली. राखणदार समोरून आला होता. सभ्य शब्दांत बोलला होता. आभारही मानले होते. गोदाक्कांची मागणी पूर्ण झाली, असं त्यांनी जाहीर केलं. गोदी तक्रार घेऊन गेली, पण तिला आता स्वतःलाच चावलेलं असल्यामुळं ती ऐकून घेता आली नाही.

आता त्या जंगलात सगळ्याच आया पिल्लांच्या मागं उलट्या चालतात. चितळाची चालते, भेकराची चालते, साळूबाई लंगडत चालते. बगळेगुरुजी याला लोकांचा सहभाग म्हणतात, आणि उलटं चालताना राखणदाराला नमस्कार कसा करावा हे मैना शिकवणार आहे.

तात्पर्य : राखणदारांवर देखरेख करणं जोखमीचं काम आहे, ते ज्यांना कुणी चावू शकत नाही अशा निष्पक्ष मंडळींवरच सोपवावं. बाकीच्यांनी उलटं चालायला शिकावं, आणि पोरांनो, लवकर शिकावं.