शंभर नंबरी पोलिस्टर

घोटावड्यात खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी ना माझं नाव विचारलं, ना गाव, ना पगार. त्यांनी माझा हात धरला, बाहीतून लोंबणारा एक धागा तोडला, खिशातून काडेपेटी काढली आणि तो धागा माझ्या नाकासमोर पेटवला. धागा आक्रसला, थोडा काळा धूर निघाला आणि टोकाला मोहरीएवढी गोळी झाली. तिच्यावर फुंकर मारून, चिमटीत दाबून बघत ते म्हणाले, "पोलिस्टर हाय. माणूस टिकाऊ दिसतोय. आत जा, काकीकडनं किल्ली घे."

हे आमचे तात्या. मी हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनचा हिशेब लिहायचो. लातूरला माझे वडील सांगत सुटले होते की पोरगा आयटीत आहे. तात्यांना त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती. "सुती माणूस तापला की जळून राख हुतो. पोलिस्टर माणूस तापला की दुसऱ्याला चिकटतो, आन मग सुटत न्हाई." मी दुसऱ्या जातीतला ठरलो, म्हणून घर मिळालं.

ही विद्या त्यांना कारखान्यानं दिली. पिरंगुटाकडच्या एका कारखान्यात मोटारीत पायाखाली घालायचे गालिचे व्हायचे. विणायचे नाहीत, शिवायचे नाहीत. नुसता धाग्यांचा पिंजलेला कापूस तापवून दाबायचा. तात्यांनी त्या दाबयंत्रावर जन्म काढला. निवृत्त झाल्यावर लोक घड्याळ घेऊन घरी येतात, तात्या दोन पोती टाकाऊ धागा घेऊन आले. "ना टाका, ना गाठ. नुसती ऊब पायजे," हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे, की शेजारची कोंबडी कुडकूड करताना तेच म्हणतेय असं मला वाटायला लागलं होतं.

त्या धाग्यांची ते भांडी करायचे. व्हय, भांडी! काकींचं पातेलं पालथं घालायचं, त्यावर जुन्या नायलॉनच्या साडीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या टाकायच्या, मधे कारखान्यातला धागा पसरायचा, वरून ओलं धोतर घालायचं आणि इस्त्री दाबायची. "सुती कापडाचा जगात एवढाच उपेग," असं म्हणून त्या धोतराला एक शिवी. निवलं की पातेलं काढून घ्यायचं. मागे उरायचं ते काय होतं, देव जाणे! कडा लाटेसारख्या वर-खाली, पोट फुगलेलं, आत निळी साडी, बाहेर डाळिंबी, मधूनच जरीचा काठ चमकतोय. खोटं कशाला बोला, दिसायचं मात्र देखणं.

"अवं, पातेल्यात डाळ हाय!" काकी आतून ओरडायच्या.

"मग खाऊन टाक की लवकर," तात्या बाहेरून.

त्यांची इस्त्री सुरू झाली की आळीतले दिवे मंद व्हायचे. लोडशेडिंग नसलं तरी लोक म्हणायचे, तात्याशेडिंग आहे.

गावात बोहारीण यायची. जुने कपडे घ्यायची, बदल्यात भांडं द्यायची. तात्यांना हा व्यवहार मुळातच पटत नसे. "कापडाचं भांडंच करायचं हाय, तर ही बाई मधी कशाला?" असं त्यांनी तिच्या तोंडावर विचारलं. तिनं पाटी उचलली, तात्यांच्या खानदानाचा उद्धार केला आणि आमच्या आळीवर कायमची फुली मारली. तेव्हापासून काकींच्या घरात एकही नवं पातेलं आलं नाही.

भांडी तात्या सगळ्यांच्या गळ्यात मारायचे. दूधवाल्याला दिलं, सरपंचांना दिलं. मला चार दिली. एकदा मी विचारलं, "तात्या, यात ठेवायचं काय? पाणी गळतं, पिठाला वास लागतो."

"कशाला काय ठेवायचं? बघायचं," ते म्हणाले. मी त्यात मोजे ठेवायचो.

आता त्या लग्नाचं सांगतो. तात्यांची धाकटी बहीण हौसाआत्या, जवळच्याच चांदे गावात दिलेली. दर भाऊबीजेला येणार, भावाला ओवाळणार, तात्यांनी दिलेली पोलिस्टरची साडी तिथल्या तिथं नेसून मिरवणार. सबंध पंचक्रोशीत तात्यांना वेडा न म्हणणारं ते एकच माणूस. तिच्या मुलीचं लग्न ठरलं. तात्या मामा, म्हणजे मान मोठा. मलाही ओढून नेलं.

मांडवात नवऱ्या मुलाच्या काकांनी माइक धरून जाहीर केलं, की सुनेला अस्सल रेशमी बनारसी शालू घातलाय. मामा नवरीच्या पाठीशी उभे. हात मोकळे. मी लांबून बघितलं, तात्यांची चिमटी पदराकडे सरकत होती. मी उठेपर्यंत काडी पेटलीसुद्धा.

"आरं वा!" तात्यांना असा आनंद झाला होता की काय सांगू. माइक शेजारीच होता. "शंभर नंबरी पोलिस्टर! पोरी, नशीब काढलंस! जन्मात सुरकुती पडायची न्हाई!"

तात्यांच्या डिक्शनरीत याच्यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं हो! पण वऱ्हाडाला ते कोण सांगणार? सनईवाल्यानं सनई खाली ठेवली. काका लालेलाल झाले, वरमाय मांडवाबाहेर जाऊन बसली. हौसाआत्यानं एकेकाच्या पाया पडून लग्न लावलं. पोरगी गाडीत बसल्यावर ती तात्यांसमोर आली आणि म्हणाली, "दादा, आजपासनं तू माझ्या दारात येऊ नगंस. मीबी तुझ्या दारात पाय ठेवायची न्हाई."

परत येताना तात्या मला विचारत होते, "मी चांगलंच म्हणलं की रं?"

त्या दिवाळीला त्यांनी नेहमीप्रमाणे साडी आणली. भाऊबीजेला सकाळी पाट मांडला, नवी टोपी घातली आणि फाटकाकडे तोंड करून बसले. चांद्याहून येणारी प्रत्येक सहा आसनी रिक्षा त्यांनी बघितली. दिवेलागणीला काकींनी पाट उचलला. दुसऱ्या दिवशी त्या कोऱ्या साडीचं भांडं झालं. पुढच्या दिवाळीला तेच. ती दोन भांडी फळीवर सगळ्यात वर असायची. एक अबोली रंगाचं होतं, फार सुंदर. मी मागितलं, तर आयुष्यात पहिल्यांदा तात्या नाही म्हणाले. "ते द्यायचं न्हाई. दुसरं कुटलंबी घे." वाईट वाटलं मला, भांड्याचं नव्हे, तात्यांचं.

तिसऱ्या दिवाळीला मला रजा मिळाली नाही, म्हणून मी तिथंच होतो. तात्या पाटावर, टोपी डोक्यावर. दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली आणि हौसाआत्या उतरली. काकींच्या हातातली चकल्यांची परात खाली पडता पडता राहिली.

"या वन्सं," एवढंच त्या म्हणाल्या.

आत्या तरातरा आली, पिशवीतून तोच शालू काढला आणि तात्यांच्या मांडीवर टाकला. "घे. पोरीनं पाठीवलाय. म्हणती, आई, मामा खरं बोलला हुता, ह्याला खरंच सुरकुती पडत न्हाई. तिची सासूबी हसायला लागलीया आता. मीच तेवढी बसलीया अडून. कर ह्याचं भांडं, फिटू दे तुझी हौस."

तात्यांनी शालूवरून हात फिरवला. पदराशी त्यांच्या त्या काडीचा डाग अजून होता. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. काकींनी डोळेच मिटले. तात्यांनी ती काडेपेटी काकींच्या हातात दिली. "निरांजन लाव," म्हणाले. "आन हौसे, ह्याचं भांडं व्हायचं न्हाई. इस्त्री लावली तर जळंल. रेशीम हाय ह्ये."

"पोलिस्टर हाय, दादा."

"रेशीम हाय म्हंतो ना! माझंच नाक चोंदलं हुतं त्या दिशी. तुला काय कळतंय त्यातलं?"

"आरं पण सगळ्या गावाला ठावं हाय!"

"गाव येडं हाय!"

दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी काकींनी मधे ताट धरलं, तेव्हा ओवाळणं झालं. मग तात्यांनी स्टूल घेऊन फळीवरची ती दोन भांडी उतरवली आणि यंदाची साडी वर ठेवून बहिणीपुढे सरकवली. "ह्या तुझ्या मागल्या साड्या. न्हेसायच्या ऱ्हायल्या. आता ने अशाच."

आत्यानं ती भांडी पोटाशी धरली आणि डोळ्यांना पदर लावला. तात्यांची बोटं सवयीनं त्या पदराकडे गेली. चाचपून म्हणाले, "सुती न्हेसलीयास व्हय? ब्येस केलंस. पोलिस्टरनं डोळं पुसलं जात न्हाईत."

मग त्यांनी आपल्या टेरिकॉटच्या सदऱ्याची बाही स्वतःच्या डोळ्यांना लावून बघितली. ती काही टिपेना, तेव्हा गुपचूप बहिणीचाच पदर पुढे ओढून घेतला.