धाकट्याची तब्येत

बायको घरी नसली की मोकळं मोकळं वाटतं असं जे सांगतात, त्यांच्या बायका बहुधा शेजारच्या खोलीत असतात. आमची ही मुलीच्या बाळंतपणाला गेली आणि पहिल्याच संध्याकाळी मला घर खायला उठलं. तरी फोनवर मी ऐटीत म्हणालो, "इकडची काळजी करू नकोस. सगळं झकास चाललंय."

"बरं झालं बाई," ही म्हणाली. "मग मी अजून महिनाभर राहते."

(स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.)

सगळं म्हणजे रविवारच्या बाजारातला हिचा पावांचा स्टॉल आणि धाकटा. धाकटा म्हणजे बरणीतलं आंबवलेलं पीठ, ज्यावर हिचे पाव फुगतात. मुलगी लग्न होऊन गेली त्याच आठवड्यात हिनं ते घरात सुरू केलं. तेव्हापासून रोज सकाळी आधी त्याला पीठ-पाणी भरवते. (माझा चहा त्यानंतर.)

आता पाव मी भाजत होतो. पण बाजारात येणारा प्रत्येक जण पाव सोडून माझ्या मागेच बघायचा. "वहिनी कुठायत?" एका रिटायर्ड मास्तरांनी तर माझ्या पावावर टकटक केलं आणि विचारलं, "आत कोणी आहे का?"

"येईल हो ती," मी म्हणायचो आणि मग स्वतःच रस्त्याकडे बघत बसायचो.

हिच्या उशीचा अभ्रा मी धुवायला टाकला नव्हता. त्याला हिच्या तेलाचा वास होता. तो रोज थोडा थोडा कमी होत गेला आणि एका सकाळी आलाच नाही. त्या सकाळी मी ठरवलं, एक छोटंसं खोटं बोलायचं.

"अगं, धाकट्याचं काही खरं नाही."

"म्हणजे? फुगत नाही?"

"मान टाकलीय."

"फोटो पाठवा."

झाली पंचाईत! धाकटा बरणीत चांगला ठणठणीत होता. मग मी त्याला उपाशी ठेवलं. तो पार खाली बसला, वर करडं पाणी सुटलं. मी बरणी खिडकीत ठेवून जवळून फोटो काढला आणि पाठवला. लगेच फोन.

"अहो, खायला घाला त्याला! उबेत ठेवा! मी उद्या सकाळी पोचतेय."

(माझी कंबर धरलीय हे मी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा नुसतं "मलम लावा".)

दुसऱ्या दिवशी रविवार. आनंदाच्या भरात मी धाकट्याला भरपूर पीठ घातलं आणि पलंगावर हिच्या बाजूला, हिच्याच रजईत, गरम पाण्याच्या पिशवीशेजारी निजवलं. मग बाजारात जाऊन भेटेल त्याला सांगत सुटलो की ही येतेय. पाव फुकट वाटले. मास्तरांनी तरीही परत केला.

घरी आलो तर दाराशी हिच्या चपला. मला एकदम भरून आलं. आत गेलो, तर ही पलंगाकडे बघत उभी. धाकटा बरणी सोडून उशीवर, गादीवर, रजईवर पसरला होता आणि कडेवरून आरामात खाली उतरत होता.

"याला मान टाकणं म्हणतात?"

"तू नव्हतीस," मी म्हणालो. "मला करमत नव्हतं गं."

(इतकं सरळ वाक्य मी लग्नानंतर प्रथमच बोललो असेन.)

हिनं मोबाइल काढून तोच फोटो माझ्यापुढे धरला. बरणीच्या काचेत माझा चेहरा उमटला होता. दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला.

"उपाशी ठेवलेला धाकटा मला कळत नाही होय? त्याचं काय, दोन वेळा पीठ घातलं की उठून बसतो," ती म्हणाली. "मी हा चेहरा बघून निघाले."

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून पलंग खरवडला. पोटभर गप्पा मारल्या. मला वाटलं, संपला वनवास.

पण गादीचा तो अर्धा भाग वाळून दगड झाला तो झालाच. नवी येईपर्यंत ही माझ्या बाजूला झोपते. मी बाहेर सोफ्यावर. आणि नुकताच आजारातून उठलाय, गारठा बाधायला नको म्हणून, धाकटा आत हिच्या उशाशी.