लल्ला इज्जा यांची वाळूवरील स्वारी

सकळ जगाचा धनी जो परमेश्वर त्याचे स्मरण करोन, आणि घरच्या वडीलधाऱ्यांस मनोमन मुजरा करोन, ही हकीकत लिहावयास घेतली असे. मर्राकेश शहरी झग्यांचे कारागीर सी तिहामी, कातरबहाद्दर, सुईदौला, यांणी आपल्या सासूबाई लल्ला इज्जा यांस गुडघ्यांचे उपचारास्तव पर्वत उतरोन वाळूचे मुलखात नेले, ती मोहीम कैसी घडली, कोण हटले, कोण तगले, ते साद्यंत सांगतो. लिहिणार तो सी तिहामी खुद्दच. परंतु आपलीच फजिती 'मी, मी' म्हणोन लिहिणे जिवावर येते, सबब त्रयस्थाचे मिषाने लिहिली. वाचणारांनी खुशाल हसावे, मात्र आमचे दुकानासमोर उभे राहोन हसू नये, गिऱ्हाईक बिचकते.

मोहिमेस कारण ऐसे जाहले की, लल्ला इज्जांचे दोनी गुडघे दोन वर्षे बंड करोन बसले होते, नमाजास खुर्ची लागे, आणि गच्चीवर संध्याकाळी बायकांची मजलस भरे तेथे बाईंस जाता येईना, मग खालीच बसोन वरचे हसणे ऐकत. ऐशा दुखण्यावर उतारा एकच. भर ऑगस्टात मर्झूगा गावचे वाळूचे टेकाडांपाशी जावे, तापल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरोन घ्यावे, म्हणजे हाडांतली थंडी पळोन जाते. थोरले जावई ब्रीक यांणी तीन उन्हाळे 'नेतो, नेतो' म्हटले आणि नेले नाही. तरी ब्रीक दारी आले की बाई आतून गर्जत, "आलास का गाढवा? तोंड काय बघतोस, हात धू आणि जेवायला बस!" आणि तिहामी दारी आले की त्याच बाई उठोन उभ्या राहात, डोईचा रुमाल सावरीत आणि म्हणत, "यावं सी तिहामी. बसावं. आपण चहा घ्याल ना?" आमचेकडे 'सी' म्हणजे श्रीयुत, जैसे 'लल्ला' म्हणजे बाईसाहेब.

अकरा वर्षे हा आदर तिहामींनी सोसला. पोटच्या मुलांस, सुनांस, भाजीवाल्यास, मांजरास, सर्वांस बाईंचे तोंडून शिव्यांचा प्रसाद मिळे. एक तिहामी तेवढे कोरडे. आता ब्रीकास जे साधले नाही ते आपण करावे, आणि एकवार, फक्त एकवार, सासूबाईंनी आपणांस घरच्यासारखे झापावे, हा एकच हेतू मनी धरोन तिहामींनी मोहिमेचा विडा उचलला.

शुभ वेळ पाहोन गुरुवारी सकाळी कूच जाहले. फौज येणेप्रमाणे: खासा लल्ला इज्जा मागील आसनी, बाजूस उशांची तटबंदी, पुढे तिहामींची बायको रहमा, बातमीदारीवर, आणि लगाम तिहामींचे हाती. गाडी पांढरी, वयाने आमचे लग्नाहून थोर. दारूगोळा म्हणोन साखरेचे सहा सुळके, निळ्या कागदात गुंडाळलेले, तोफेच्या गोळ्यासारखे उभे करोन पायांपाशी रचिले. कां की आमचे मुलखी कोणाचे घरी साखरेचा सुळका घेतल्यावाचून जाणे म्हणजे नाक कापोन घेणे. वेशीबाहेर पडतां पडतांच बाईंचे पहिले फर्मान सुटले की, गुडघ्यांस वारा बाधतो, सबब गाडीच्या चारी काचा मर्झूगापर्यंत बंद राहाव्या. ऑगस्ट महिना! आणि मग तिश्काची खिंड चढतां चढतां गाडीस घाम, तिहामींस घाम, रहमेच्या कपाळावरून धारा, आणि मागील आसनी लल्ला इज्जा शाल गुंडाळोन विचारितात, "सी तिहामी, आपल्याला गार तर नाही ना वाटत?"

तिहामींनी अर्ज केला, की नाही.

मर्राकेशहून वाळूपर्यंत वाट दोन दिवसांची. परंतु बाईंचे माहेर म्हणजे अवघे खोरे; प्रत्येक वळणास एक मावसभाऊ, प्रत्येक ओढ्यास एक आत्या. दारावरून जावोन चहा न घेणे हा तर उघड दावा. मग चहा म्हणजे तीन पेले, पेल्यांमागे कुसकुसाची, म्हणजे वाफवलेल्या रव्याची, परात, परातीमागे 'आता ऊन उतरल्यावर जा', आणि ऊन उतरल्यावर 'आता अंधारात कुठं जाता?' ऐसे होवोन पहिला मुक्काम खिंडीपलीकडे वीस कोसांवर, दुसरा त्याहून आठ कोसांवर पडला. साखरेचे गोळे सुटत गेले. आणि बदल्यात खजूर, बदाम, एक गालिचा आणि एक जिवंत कोंबडा ऐसी लूट गाडीत भरत गेली. कोंबडा बंद काचांत घाबरा होवोन बाईंचे मांडीवर फडफडला, तों बाई कडाडल्या, "मुडद्या! गप बसतोस का घालू रश्श्यात?" तिहामींचे हृदयी कळ आली. कोंबड्यास फौजेत भरती होवोन अर्धा प्रहर जाहला नव्हता, आणि त्यास हे मिळाले.

तिसरे दिवशी तिहामींनी गनिमी कावा योजिला. पुढे गुलाबाचे खोरे, तेथे बाईंची चुलतबहीण फादमा, जबरदस्त असामी, तिचे दारी शिरला तो दोन दिवस सुटत नाही ऐसा लौकिक. बाईंचा डोळा लागला ऐसे पाहोन तिहामींनी गाडी नदीकाठच्या कच्च्या वाटेस घातली. परंतु बातमीदार रहमा हिणे सकाळीच फोन करोन मावशीस वर्दी दिली होती, हे तिहामींस काय ठाऊक! वळण घेतात तों भर रस्त्यात फादमामावशी दोनी हात पसरोन उभ्या.

"काय रे पळपुट्या शिंप्या! माझ्या दारावरून गाडी चोरून नेतोस? लाज शिवून टाकलीस काय कुठल्या झग्यात?"

ही शिवी कानी पडतांच तिहामींस आनंदाचे भरते आले. आणि त्यांणी आरशातून मागे पाहिले, की हा विस्तव तिकडेही पेटतो काय. तों लल्ला इज्जा डोळे उघडोन, अदबीने, ठामपणे बोलल्या, "फादमा, जावयाशी नीट बोल. सी तिहामी मोठे माणूस आहेत."

तोफेचा गोळा वर्मी बसावा तैसे जाहले. ते रात्री तिहामींनी कुसकुस नीट खाल्ले नाही.

मग फादमामावशींचा वेढा एक दिवसात उठवोन, तोद्ग्याची घळ ओलांडोन, मजल दरमजल करीत पाचवे दिवशी सकाळी फौज मर्झूगास पोहोचली. समोर वाळूची टेकाडे, तांबूस, उंच, आभाळास टेकलेली. पायथ्याशी उपचारवाल्यांचे तंबू. बायकांकडची मुकादम तूदा म्हणोन काळीसावळी, दणकट बाई. पुरुषांकडे तिचा नवरा. मधे कनातीचा पडदा. सकाळी खड्डे खणोन उन्हात तापत टाकिले होते ते दुपारी तयार जाहले, आणि तूदाने बाईंस खड्ड्यापाशी आणिले.

लल्ला इज्जांनी खड्डा पाहिला. लांबी माणसाएवढी, रुंदी माणसाएवढी. बाईंचा चेहरा पांढरा पडला. परंतु मानी जात, भ्याले ऐसे कबूल कैसे करावे? मग वळोन म्हणाल्या, "सी तिहामी, आपण फार दमलात. परत जाऊ या."

पाच दिवस, सहा सुळके, चारी काचा बंद, आणि परत! रहमा रडावयास लागली. तूदा म्हणाली, "अहो आजी, थडगं नाही ते. थडग्यातून कोणी उठून चहा पितं का?" परंतु बाई हलेनात. तेव्हां तिहामींचे अंगी न जाणो कोठले शौर्य संचरले. यांचे गुडघे धडधाकट, दुखणे काही नाही, तरी बोलले, "सासूबाई, मी आधी जातो. आपण बघा." आणि पडदा गुंडाळावयाचा हुकूम देवोन, सदरा काढोन, विजार तैसीच ठेवोन खड्ड्यात आडवे जाहले, आणि तूदाच्या नवऱ्याने फावड्याने वाळू लोटोन गळ्यापर्यंत पुरोन टाकिले.

येथे शहरी शिंप्याची अक्कल पाहावी. खड्ड्यात उतरतां अंगावर धातू नसावा, अंगठी नसावी, हे मर्झूगाचे पोरासोरांस ठाऊक. तिहामींचे विजारीच्या उजव्या खिशात पितळी अंगुस्तान, शिवतांना बोटास घालावयाची टोपी, होते. तीस वर्षांची सवय. शिंपी निजतो तेव्हांही ते जवळ असते. दोन पळांत वाळू तापू लागली, चौथ्या पळात अंगुस्तान मांडीस भिडले, आणि मग जे जाहले ते शत्रूसही न होवो. हात पुरलेले, पाय पुरलेले. ओरडावे, तर सासूबाई आत्ताच गाडीत जावोन बसतात, मोहीम बुडते, गुडघे बुडतात, आणि ब्रीक जन्मभर हसतो. न ओरडावे, तर मांडी भाजते. तिहामींनी दात दाबिले आणि हसरे तोंड केले.

"कसं वाटतंय?" रहमेने विचारिले.

"फार," तिहामी बोलले, "फार उबदार."

बाई पडद्याच्या खांबास धरोन न्याहाळीत होत्या. तिहामींच्या डोळ्यांतून पाणी, कपाळावर शिरा, आणि तोंडावर ते हसू. तूदा म्हणाली, "पहिल्या वेळी सगळ्यांना असंच होतं." परंतु जिणे सात लेकरे वाढविली तिचे डोळ्यांस हे हसू कैसे फसवील? बाईंनी खांब सोडिला. काठी रहमेपाशी राहिली. आणि ज्या बाईंस दोन वर्षे ओसरी ते मोरी जड जात होती त्या तापल्या वाळूवरून लटपटत, धापा टाकीत, एकल्या चालोन खड्ड्यापाशी आल्या आणि गरजल्या,

"अरे मेल्या! भाजतंय ना तुला? मग बोलत का नाहीस? तोंड शिवून घेतलंस काय, मूर्खा? आणि तू रे फावड्या, बघत काय उभा राहिलास? काढ माझ्या पोराला बाहेर!"

वाळू उपसली. तिहामी बाहेर आले ते लंगडत, आणि खिशातून अंगुस्तान काढोन वाळूत फेकिले. बाईंनी ते पाहिले आणि कपाळावर हात मारिला. "खिशात पितळ घेऊन पुरून घेतोय! माझ्या मुलीनं पसंत केलं तेव्हाच म्हटलं होतं मी, हा धांदरट आहे!" मग तूदाकडे वळोन हुकूम सोडिला, "ए, माझा खड्डा नीट कर. या बावळटानं एवढं सोसलं, मग मला काय धाड भरलीय?" आणि लल्ला इज्जा आपण होवोन वाळूत उतरल्या, पुरती बारा मिनिटे तगल्या, एक हुंकार दिला नाही.

मग शिरस्त्याप्रमाणे दोघांसही घोंगड्यांत गुंडाळोन एकाच बंद तंबूत निजविले, आणि कडू पाल्याचा ऊन काढा पाजिला. घाम ऐसा निघाला की घोंगडी पिळावी. तेथे बाईंचे तोंड सुटले ते एक प्रहर थांबले नाही. लग्नात आणिलेल्या कफ्तानाच्या बाह्या आखूड होत्या. ईदेस महागडी मिठाई आणोन उधळेपणा करतोस. रहमा वाळलीय, तिला खायला घालत नाहीस. फोनवर बोलतोस तर नुसतं हूं हूं. अकरा वर्षांचे एकेक गाऱ्हाणे, तारीखवार, बाईंनी बाहेर काढिले. तिहामी ओली मान हलवोन ऐकत होते. अखेर त्यांणी धीर करोन विचारिले, की हे सगळे आजवर का बोलला नाहीत?

बाईंनी घोंगडीतून हात काढिला आणि त्यांचे कानातली वाळू बोटाने झाडली.

"तू तेव्हा पाहुणा होतास. पाहुण्याला कोण बोलतं?"

येणेप्रमाणे मर्झूगाचे वाळूवर फत्ते जाहली. गुडघ्यांचे म्हणाल तर थोरला बराच नरम आला, धाकटा अद्याप कुरकुरतो, तरी बाई म्हणतात चांगले आहे, तेच धरोन चालावे. लढाईत मांडीवर एक जखम, वाटोळी. दुसरी हानी नाही. मेल्या, मूर्ख, धांदरट, बावळट ऐसे चार किताब एके दिवशी मिळाले, ते सी तिहामी यांणी मस्तकी धरिले. ते समयी तंबूत तिहामी फार रडले. घाम वाहत होता म्हणोन कोणास समजले नाही, सबब येथे नमूद करोन ठेविले असे.