हीटर जप्त, सासूबाई हजर

आज साहेबांना कुडकुडवून हीटरवर सही घेतली नाही तर आपण नावाच्या फौजदार नाही, असं ताईंनी घरून निघतानाच ठरवलं होतं. ऑफिसात पाठीमागे आपल्याला फौजदार म्हणतात हे त्यांना माहीत होतं. मनातून आवडतही होतं.

ताई बिल विभागाच्या हेडक्लार्क. विभाग म्हणजे गोदामामागची एक खोली. तिथे ऊन यायचं ते फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात. हिवाळ्यात लोखंडी कपाटाला हात लावला तर कपाट चावायचं. बोटं अशी आखडायची की शिक्का मारायचा एका जागी आणि बसायचा दुसऱ्याच जागी. दोन महिने ताई हीटर मागत होत्या आणि साहेब ठरलेलं उत्तर देत होते, "ताई, थंडी मानली तर आहे." हे साहेब कुठे बसून सांगायचे? स्वतःच्या केबिनमध्ये, पायाशी ब्लोअर लावून. अशा माणसाला एक आठवडा बिल विभागात बसवावं आणि मग विचारावं, काय काय मानताय ते सांगा.

शेवटी विभागातल्या तिघांनी आपापल्या घरचे हीटर चोरून आणले. घरचा हीटर ऑफिसात लावायला सक्त मनाई. शिवाय खोलीतला फ्यूज इतका नाजूक, की दोन हीटर एकदम लावले तर सगळा मजला अंधारात जायचा. म्हणून पाळीपाळीने एकेक लावून बघायचा ठरला.

पहिला रोखपालांचा, पंख्याचा. बटण दाबताच गरम, बंद करताच गार. अगदी पुढाऱ्याच्या भाषणासारखा. आवाज सभाभर, ऊब पहिल्या रांगेला. वर टेबलावरची बिलं उडून रोखपालांच्या डब्यात.

दुसरा कॉम्प्युटरवालीचा, सळयांचा. हा ज्याच्याकडे बघेल तेवढंच तापवायचा. तिची एक नडगी भाजली, दुसरी गोठली, आणि मधल्या मध्ये चपलेचा तळ वितळला. उजेड असा लालभडक, की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत फोटो धुताहेत.

तिसरा ताईंचा, तेलाचा. चाकांवरचा जाडजूड, उभ्या पत्र्यांचा डबा. तासभर ढिम्म हलायचा नाही, पण एकदा तापला की खोली मऊ व्हायची. ना आवाज, ना उजेड, आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम.

"सुनेसारखा आहे हो हा," रोखपाल म्हणाले. "बोलत नाही, दिसत नाही, राबतो मात्र दिवसभर."

"सुनेसारखा म्हणजे? पुन्हा म्हणा एकदा."

"चांगल्या अर्थानं म्हटलं, ताई."

"त्या अर्थानं तुम्ही स्वतः राबून बघा."

हीटर जिंकला खरा, पण तो ताईंचा नव्हताच. तो होता सासूबाईंचा. नवरा कायम फिरतीवर, घरात या दोघीच, आणि 'चार दिवसांसाठी नेते' म्हणून ताईंनी तो आणलेला. आता रोज दुपारी फोन.

"चार दिवस संपले का गं तुझे? तीन शाली गुंडाळून बसलेय. गाठोडं झालंय माझं. कुणीतरी उचलून लाँड्रीत देऊन येईल."

"आई, या आठवड्यात ऑफिसचा मिळतोय. मिळाला की तुमचा परत."

"मी असेपर्यंत मिळेल ना?"

म्हणून साहेब जेव्हा वैतागून म्हणाले, "उद्या मी स्वतः येऊन बघतो, खोली खरंच गारठलेली असेल तर तिथल्या तिथे सही," तेव्हा ताईंना आभाळ ठेंगणं झालं. बेत सोपा होता. हीटर लपवायचे, खिडक्या सताड उघडायच्या, साहेबांना मधोमध बसवायचं.

सकाळी ताईंनी दार उघडलं आणि चेहऱ्यावर गरम झळ आली. खोलीत शिपाईमामा बाह्या सरसावून टेबल पुसत होते. तेलाचा हीटर पूर्ण जोरावर.

"मामा, हा कोणी लावला?"

"मीच. उजाडल्यापासून लावलाय. साहेब येणार म्हणालात ना काल? मोठं माणूस यायचं म्हणजे जरा नीट नको का?"

ताईंनी तोंड उघडलं. शब्द सापडले, पण मामा वयानं मोठे होते.

हीटर बंद केला. खिडक्या उघडल्या. रोखपालांनी फायलींनी वारा घातला, कॉम्प्युटरवालीनं हीटरवर ओला रुमाल टाकला तर त्याची वाफ झाली. जो गुण तिघांनी वाखाणला होता, तोच आता गळ्याशी आला होता. हा बाबा काही केल्या निवेना. बाहेर साहेबांच्या बुटांचा आवाज आला. घाईघाईनं हीटर कोपऱ्यात ढकलला, त्यावर टेबलक्लॉथ टाकला आणि खिडक्या लावून सगळे जागेवर बसले. खिडक्या का लावल्या? कुणास ठाऊक. घाबरलेला माणूस आधी खिडक्या लावतो.

साहेब मफलर गुंडाळून आले. थोड्या वेळानं मफलर उतरला, मग कोट. रोखपाल इमानानं दात वाजवत होते, पण कपाळावरून घाम ओघळत होता.

"तुम्हाला ताप आहे का?" साहेबांनी विचारलं.

"थंडी वाजतेय, साहेब."

"मला तर झोप येतेय. छान खोली आहे." साहेब खुर्ची ओढत नेमके कोपऱ्यात गेले आणि टेबलक्लॉथला पाठ टेकवून बसले. "वा. ताई, दोन महिने तुम्ही मला बनवत होतात तर. हीटर नामंजूर. उलट मीच इथे टेबल टाकतो. केबिनमध्ये तो ब्लोअर कान खातो."

सही गेली ती गेलीच, वर हा माणूस मानेवर बसणार! ताईंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी टेबलक्लॉथ असा ओढला की साहेब खुर्चीसकट फिरले.

"ही ऊब खोलीची नाही, माझ्या सासूबाईंची आहे. म्हातारी घरी गारठतेय तेव्हा तुमची पाठ शेकतेय. ऑफिस हीटर देत नाही म्हणून घरच्यांच्या अंगावरचं काढून आणतो आम्ही. आता बोला, थंडी मानली तर आहे म्हणून."

साहेबांनी कोट घातला, हीटरला हात लावून पाहिला, कान लावून पाहिला.

"आवाज करत नाही?"

"नाही."

"नियमाप्रमाणे जप्त. मामा, माझ्या केबिनमध्ये न्या."

संध्याकाळी ताईंनी घरी सगळं सांगितलं, खाली मान घालून. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "त्याच्या केबिनमध्ये बसायला जागा आहे का?"

सकाळी त्या शाली, चष्मा आणि विणकाम घेऊन दारात तयार. दोघी ऑफिसात पोचल्या आणि सासूबाई सरळ केबिनमध्ये शिरल्या.

"आजी, कोण आपण?" साहेब.

"जप्त मालाबरोबरची. चालू द्या तुमचं काम." आणि हीटरशेजारची खुर्ची त्यांनी धरली.

म्हाताऱ्या बाईला कोणता साहेब हाकलणार? हाकललं तर आरडाओरडा होऊन चार लोकांना हीटर दिसणार, आणि जप्त केलेला हीटर स्वतःच्या पायाशी चालू का, हेही सांगावं लागणार. सासूबाईंनी त्यांचा पगार विचारला, पोटाचा घेर विचारला, आई कुठे असते आणि तिला फोन कधी केला ते विचारलं. मुख्य कार्यालयाचा फोन आला तर "मोठ्यानं बोला, मलाही ऐकू दे" म्हणाल्या. बाकीचे दोन हीटर जप्तीच्या धास्तीनं घरी परतले होते. भिंतीपलीकडे ताई आखडल्या बोटांनी शिक्के मारत होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या.

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः तेलाचा हीटर ढकलत बाहेर आले. दुसऱ्या हातात मंजुरीचा कागद. "ताई, नवीन हीटर आजच घ्या. हा आणि त्या, दोन्ही घरी न्या."

खोलीत ऊब आली. सगळे सासूबाईंचे गोडवे गाऊ लागले. दोन महिने घसा कुणी कोरडा केला, याची कुणाला आठवणही नाही. ताई धुमसत राहिल्या. पुढच्याच आठवड्यात रोखपालांची खुर्ची मोडली, तेव्हा ताईंनी पदर खोचला. आता हे काम आपलं. पूर्वी नुसती त्यांची चाहूल लागली तरी साहेब खोटाखोटा फोन कानाला लावायचे.

या वेळी ताई केबिनच्या दारात दिसताच साहेब चक्क हसले. "या ताई, बसा. पाय खाली सोडूनच बसा. इथे झुरळं नाहीत."

ताई दारातच थिजल्या. घरात झुरळ निघालं की आपण कॉटवर चढून 'आई, आई' करतो, हे जगात फक्त एका बाईला माहीत होतं. आणि ती बाई या केबिनमध्ये तीन दिवस बसली होती.

"काय काम होतं?" साहेबांनी गोड आवाजात विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाल्या आणि परत फिरल्या.

रोखपाल आशेनं वाट बघत उभे होते. "मिळाली खुर्ची?"

"उभं राहायला काय धाड भरलीय तुम्हाला?" ताई खेकसल्या.