हे पगारात येतं

महाविद्यालयाची थोरवी त्याच्या इमारतीवरून, ग्रंथालयावरून किंवा (काही जुनाट लोक अजून म्हणतात त्याप्रमाणे) विद्यार्थ्यांवरून ठरत नाही. ती वार्षिक अहवालातल्या 'प्राध्यापकांची कामगिरी' या प्रकरणाच्या जाडीवरून ठरते. आमच्या छोट्या महाविद्यालयात हे प्रकरण सध्या इतकं भरगच्च झालं आहे की अहवाल टेबलावर ठेवला तर आपोआप तिथेच उघडतो.

मी तिथे तर्कशास्त्र शिकवत असे. पुढे तो विषय बंद झाला. संस्थेला तर्काची गरज उरली नव्हती आणि ते मी तर्काने समजू शकले. आमच्या काळात हे प्रकरण एका ओळीत आटपायचं: 'सर्व प्राध्यापकांनी आपापले तास घेतले.' तेवढ्यालाही कचेरीतले लोक कुरकुरायचे, "बाई, हे छापायलाच हवं का? उगाच जागा जाते." आमची कामगिरी म्हणजे काय, तर कैक वर्षांनी भाजीबाजारात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ आपल्याला पाहून हातातली सिगारेट पाठीमागे लपवायचा. त्याचं प्रमाणपत्र मिळत नसे. आम्ही फारच मागासलेले होतो.

आता तसं नाही. अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांचंच पाहा. परिषद म्हटली की ते हजर, म्हणून त्यांना सगळे परिषदकाका म्हणतात. मूळ नाव फक्त पगारपत्रकात उरलं आहे. त्यांनी तरुणपणी एक निबंध लिहिला. तोच निबंध ते दरवर्षी नव्या शीर्षकाखाली वाचतात. (ही काटकसर म्हणजे अर्थशास्त्र प्रत्यक्षात कसं उतरवावं याचा नमुनाच आहे.) वनस्पतिशास्त्राच्या बाईंना पारदर्शक प्लास्टिकची इतकी स्मृतिचिन्हं मिळाली आहेत की घरच्यांनी ती घरी आणायला मनाई केली. त्यातलं 'आदर्श संशोधक' हे ज्योतीच्या आकाराचं स्मृतिचिन्ह स्टाफरूमचं दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवलेलं असतं. दिवसभर आवारात हजर राहून नेमून दिलेलं काम करणारं ते बहुधा एकटंच.

कामगिरीचं मुख्य लक्षण असं, की ती आवाराबाहेर घडते. गेल्या वर्षीच्या कामगिऱ्यांपैकी नव्व्याण्णव टक्के बाहेरगावी घडल्या. (उरलेला एक टक्का म्हणजे प्राचार्यांची गाडी बंद पडली, तेव्हा त्यांनी कचेरीतून फोनवर दिलेलं बीजभाषण.) यावरून आवारात थांबणं कामगिरीला अपायकारक असतं, हे सिद्ध होतं. प्राध्यापकांनी हा निष्कर्ष फार मनावर घेतला आहे.

आता प्रश्न असा उरतो, की मग तास कोण घेतं? तास माझी भाची घेत असे.

ती माझ्याकडेच राहते. भूगोल शिकवते, आणि कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि वर्ष संपलं की तुम्ही कोण, आम्ही कोण. परिषदकाका गावाला गेले की ती अर्थशास्त्राच्या मुलांना बंदरं शिकवी. इतिहासाचे सर गेले की इतिहासाच्या मुलांना खिंडी शिकवी. मुलांची तक्रार नव्हती. उलट आपल्या विषयात इतके डोंगर आहेत हे त्यांना नव्याने कळलं. एका वर्षी तर सगळ्याच विषयांचा निकाल सुधारला, आणि अहवालात त्याचं श्रेय प्राध्यापकांच्या संशोधनाला देण्यात आलं.

अशातच फर्मान निघालं, की वर्षअखेरीस एकच जागा कायम होईल, आणि ती ज्याच्या नावावर कामगिरी आहे त्यालाच मिळेल. नसेल तर जागाच रद्द. संध्याकाळी भाची घरी आली ती कोपराला खडू लागलेला तशीच. पर्स टाकली आणि पंख्याखाली बसली.

"मावशी, माझ्याकडे एकही कामगिरी नाही."

"शिकवलं, असं लिहून दे की."

"दिलं होतं. कचेरीने परत पाठवलं. म्हणाले, मॅडम, हे पगारात येतं."

मी तर्क लढवून पाहिला. यात खोट निघाली नाही. ज्याचा पगार मिळतो ते काम कामगिरी नव्हे. म्हणून कामगिरी म्हणजे पगार घेऊन न केलेलं काम. आमच्या काळात एवढं स्वच्छ कुणी मांडलं नव्हतं.

"मग तूही जा ना एखाद्या परिषदेला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती प्राचार्यांकडे रजा मागायला गेली. प्राचार्य मनाने चांगले आहेत. त्यांना अगदी वाईट वाटलं.

"अहो मॅडम, तुम्ही गेलात तर तास कोण घेणार?"

"बाकीचे सर आहेत ना."

"ते तर परिषदेत असणार. तुमचं ऐकायला नकोत का कुणी?"

परिषदकाका बाजूच्याच खुर्चीत प्रवासखर्चाची बिलं लावत बसले होते. ते म्हणाले, "हे बघ पोरी, आम्ही तुझ्याच जिवावर मोठे झालो. मी तर माझ्या निबंधात तुझे जाहीर आभार मानणार आहे."

"सर, आभार नकोत. एक दिवस माझा तास घ्या."

परिषदकाका हसले. विनोद त्यांना आवडतो.

वर्ष संपत आलं आणि मूल्यांकन समिती येणार असं कळलं. महाविद्यालय कामाला लागलं. सभागृहात लांबच लांब टेबलं मांडून त्यांवर सगळी स्मृतिचिन्हं उंचीप्रमाणे लावली. प्रत्येक प्राध्यापक आपापल्या स्मृतिचिन्हांशेजारी, ठेवणीतले कपडे घालून उभा. कित्येकांची एकमेकांशी त्या दिवशी प्रथमच ओळख झाली. भाचीजवळ मांडायला काहीच नव्हतं, म्हणून तिला सांगण्यात आलं, की तुम्ही मुलांना घेऊन टोकाच्या वर्गात बसा, आणि गडबड ऐकू येऊ देऊ नका. भिंतीशी बसायला मलाही बोलावलं होतं. जुन्या वस्तू मांडल्या की प्रदर्शनाला भारदस्तपणा येतो.

समितीचे अध्यक्ष म्हणजे गुडघ्यांनी हैराण झालेले एक वयस्क गृहस्थ. चौथ्या टेबलापर्यंत त्यांनी कळ काढली. मग प्रसाधनगृह कुठे म्हणून विचारलं, बाहेर पडले, आणि चुकीच्या बाजूला वळले. बराच वेळ झाला तरी येईनात. प्राचार्य मला म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बघता का? आम्हाला जागा सोडता येत नाही."

मी गेले. अध्यक्ष टोकाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले होते. भाचीने एक टेबल तिरकं करून त्यावर ओली वाळू पसरली होती आणि तांब्याने वरून हळूहळू पाणी सोडत होती. टेबल तिरकं राहावं म्हणून दोन पायांखाली काहीतरी ठेवलं होतं. नीट पाहिलं, तर एका पायाखाली वीट, आणि दुसऱ्याखाली 'आदर्श संशोधक'. (प्रदर्शनात ते मांडायचं राहिलं होतं. दाराशी असल्यामुळे ते स्मृतिचिन्ह आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.)

"पाणी सरळ का जात नाही?" भाचीने विचारलं.

"त्याला घाई नाही, मॅडम," एक मुलगा म्हणाला. वर्ग हसला.

"घाई आहे रे. पण जे कठीण लागतं त्याला ते वळसा घालतं. आणि जे मऊ असतं ते?"

"ते झिजतं," अध्यक्ष मागून म्हणाले. मग ओशाळले आणि बोलण्याआधी वर करायचा राहिलेला हात वर केला.

घंटा झाल्यावर त्यांनी शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "हा कुठला उपक्रम?"

"तास आहे."

"भूगोलाचा का?"

"हो. म्हणजे आम्ही अर्थशास्त्राचे."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. सभागृहात परतल्यावर उरलेल्या टेबलांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या अहवालात आमच्या महाविद्यालयाबद्दल एकच चांगलं वाक्य होतं: 'वर्गखोलीत, विद्यार्थ्यांच्या उपस्थितीत, प्रत्यक्ष शिकवण्याचा अभिनव प्रयोग येथे सुरू असून तो सर्वत्र अनुकरणीय आहे.'

भाची कायम झाली. त्या दिवशी मी घरात गोडधोड केलं, आणि खोटं कशाला सांगू, दाराला कडी घालून थोडी रडलेसुद्धा.

आणि मग आमंत्रणं यायला लागली. 'वर्गात शिकवणे: एक नवा दृष्टिकोन' या विषयावर तिने बोलावं म्हणून गावोगावची महाविद्यालयं मागे लागली. पहिल्या परिषदेचं अध्यक्षस्थान परिषदकाकांनी आपणहून स्वीकारलं. ती वाळू, तांब्या आणि वीट घेऊन जाते. सभागृहातले प्राध्यापक नदी पाहून हेलावतात, टिपणं काढतात. घरात माझी देवळी तिच्या स्मृतिचिन्हांनी भरली. आता ती येते तेव्हा कोपराला खडू नसतो.

"एवढी एक परिषद झाली की वर्गावरच जायचंय गं, मावशी," ती बॅग भरता भरता म्हणते. मनापासून म्हणते. मी तिला घड्या घालून कपडे देते.

यंदाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तिचाच फोटो आहे: तिरकं टेबल, वाळू, हातात तांब्या, समोर बाकांवर उत्सुक चेहरे. फोटो सुट्टीच्या दिवशी काढल्यामुळे मुलं मिळाली नाहीत, म्हणून बाकांवर प्राध्यापक बसले आहेत. (पाठमोरे आहेत. पहिल्या बाकावरचं टक्कल परिषदकाकांचं.) प्राध्यापक वर्गात हजर असल्याचा अलीकडच्या काळातला हा एकमेव पुरावा.

प्रवेश सुरू झाले त्या दिवशी मी पेन्शनच्या कामासाठी गेले होते आणि कचेरीबाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी तुम्ही होता. तुम्हाला मी आठवणार नाही. म्हाताऱ्या बाईला कोण लक्षात ठेवतं? तुम्ही तुमच्या मुलीला घेऊन आला होता. गाडी लावायला जागा आहे का, फी हप्त्याने भरता येते का, उपाहारगृह स्वच्छ आहे का, हे सगळं तुम्ही नीट विचारून घेतलंत. मग अहवाल हातात घेतलात, मुखपृष्ठ मुलीला दाखवलंत आणि म्हणालात, "बघ, इथे किती छान शिकवतात."

मुलगी समोरच्या बोळाकडे पाहत होती. टोकाच्या वर्गाचं दार तिथून दिसतं.

"बाबा, आत्ता तास चालू असेल ना? जरा डोकावून येऊ?"

"कशाला गं?" तुम्ही म्हणालात. "फोटो आहे ना इथे."

आणि बोटाला थुंकी लावून तुम्ही पान उलटलंत.